मधले पाच दिवस

मी एक पासपोर्ट. बोलतोय म्हणून दचकू नका. आजवर मला उघडलं सगळ्यांनी, उजेडात धरलं, तिरपं करून पाहिलं, माझ्या पानांवर धडाधड शिक्के मारले, पण मला कुणी कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, आणि मग एक माणूस शेवटचे दोन दिवस दाराकडे बघत पडला नसता. आता सांगून उपयोग नाही, हे मलाही कळतं. तरी सांगतो, कारण माझी मुदत संपत आलीय आणि हे पोटात ठेवून जाणं माझ्याच्याने होत नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. छत्तीस पानं, मधोमध दोऱ्याची शिवण, वर गडद कव्हर आणि त्यावर सोनेरी मुद्रा. प्रत्येक पानातून आरपार नंबर टोचला. दुखलं असेल असं तुम्हाला वाटेल, पण खरं सांगू, मला तेव्हा भारी अभिमान वाटला. बाकीच्या वह्या दुकानात ढिगाने पडून असतात, आपल्याला मात्र कुलपात ठेवतात, अशी माझी ऐट. कपाटात शेजारी होते ते सगळे मोठमोठ्या गप्पा मारायचे. कुणाला व्यापाऱ्याकडे जायचं होतं, कुणाला खेळाडूकडे. मी गेलो कवळ्या बनवणाऱ्या एका बाईकडे.

हो, कवळ्या. म्हाताऱ्या माणसांचे खोटे दात. एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दातांची लॅब आहे, तिथे ती कामाला. डॉक्टर लोक रुग्णांच्या जबड्याचे ठसे पाठवतात, ती त्यात प्लास्टर ओतते, मेणावर एकेक दात बसवते, मग गुलाबी हिरडी चढवून घासून घासून गुळगुळीत करते. दिवसभर ग्राइंडरची घरघर आणि तोंडाला मास्क. तिच्या नखांच्या कडेला कायम प्लास्टर असायचं, कितीही धुतलं तरी. आमची पहिली ओळख फोटोच्या दुकानात झाली म्हणायची, कारण तिथला फोटो माझ्या दुसऱ्या पानावर आहे. फोटोवाल्याने बजावलं होतं, हसायचं नाही, दात दिसता कामा नयेत. जिचं पोट दातांवर चालतं तिला हे सांगायचं! त्यामुळे फोटोत ती हसू दाबून बसलीय. एरवी ती अशी दिसत नाही. म्हणजे तेव्हा दिसत नव्हती.

कधीतरी लागेल म्हणून तिने मला काढून ठेवलं होतं आणि सात-आठ वर्षं मी कपाटातच पडून होतो. तिला माझी खरी गरज पडली ती एका लिफ्टमिस्त्रीमुळे. मीही त्याला मिस्त्रीच म्हणतो, कारण तीही तसंच म्हणायची. लॅबच्या इमारतीतली लिफ्ट एकदा दोन मजल्यांच्या मधोमध अडकली, आत ही, हातात सोळा जबड्यांचा ट्रे. मिस्त्रीने वरून दार फाकवलं, खाली वाकून पाहिलं आणि आधी जबडे वर द्यायला सांगितले, मग तिला वर यायला. त्यावरून ती त्याच्याशी भांडली, आणि भांडण काही मिटेना म्हणून दोघं रोज भेटायला लागले. तो तिला ‘कवळीवाली’ म्हणायचा, चारचौघांतसुद्धा. पुढे त्याला परदेशात नोकरी लागली. मोठी कंपनी, मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायच्या, विमानाने साडेतीन तासांवर. तो गेला.

पहिलं वर्षभर तोच येत होता. मग कंपनी दुसऱ्या कुणी घेतली, सुट्ट्या आटल्या, आणि जाणं तिच्या वाट्याला आलं. तिलाही सगळं सोडून तिकडे जाणं शक्य नव्हतं. घरी आप्पा होते, तिचे वडील. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची उजवी बाजू गेलेली, बोलणं थोडं अडखळतं, आणि आज कुठला वार हे त्यांना दिवसातून चारदा सांगावं लागतं. तिची थोरली बहीण, ताई, दुसऱ्या गावाहून येऊन आठवडाभर आप्पांजवळ राहायची तेव्हाच हिला निघता यायचं. ताई आल्या आल्या पदर खोचायची आणि म्हणायची, ‘जा बाई, मी आहे तुझी बदली कामगार.’ बोलायची तिरकस, पण एकदाही तिने नाही म्हटलं नाही.

लग्न का नाही केलं, असं तुमच्या मनात आलं असेल. सगळ्यांच्याच येतं. त्या देशात लग्नासाठी सात कागद लागत होते. चौथा मिळेपर्यंत पहिल्याची मुदत संपायची. मी स्वतः कागद आहे, आपल्या जातभाईंबद्दल वाईट बोलू नये, पण कागदांनी त्या दोघांना फार पिडलं. शेवटी दोघांनी हात टेकले आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

दर पाच आठवड्यांनी जायचं ठरलं. लॅबच्या मालकीणबाईंनी अट घातली, आधीचे चार रविवार काम करायचं आणि मग आठवडाभर सुट्टी. ती कबूल झाली. शनिवारी संध्याकाळी तिकडे उतरायचं आणि पुढच्या शुक्रवारी सकाळी परत निघायचं. त्या देशाचा नियम माझ्याच सातव्या पानावर व्हिसाच्या खाली बारीक अक्षरांत छापला होता, कुठल्याही बारा महिन्यांत जास्तीत जास्त साठ दिवस. साठ म्हणजे साठ. हा आकडा नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरून झालं.

जाताना आणि येताना माणूस किती वेगळा असतो, हे मला विचारा. जाताना ती मला हातात धरायची, पानात बोट घालून, सारखं उघडून तारीख बघायची. रांगेत उभ्या बायका काउंटर जवळ आला की केस सारखे करतात, बाप्ये उगाच ताठ उभे राहतात, लहान मुलांना गप्प बसवतात. जणू आत कुणी पाहुणे मुलगी बघायला आलेत. ती मात्र पुटपुटत असायची. सतरा मिनिटांत बॅग आली तर सातची बस मिळेल, असली गणितं. परत येताना तिने मला बॅगेच्या तळाशी टाकलेलं असायचं, ओल्या टॉवेलखाली, आणि काउंटरवर शोधताना दहा वस्तू बाहेर काढायची. परतीच्या माझ्या शिक्क्यांकडे तिने कधी धड पाहिलंच नाही.

मिस्त्रीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. दोन खोल्या, त्यातली एक एका आचाऱ्याची. तो कुठल्याशा कारखान्याच्या कॅंटीनमध्ये स्वयंपाक करायचा, भला माणूस होता. ती आली की तो आपली गादी मित्राकडे हलवायचा आणि जाताना पातेलंभर काहीतरी शिजवून ठेवायचा. मला ठेवायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या फळीवर, चहाच्या डब्यामागे. तिथून समोरच्या दाराला लटकवलेलं कॅलेंडर दिसायचं. त्या कॅलेंडरावरच सगळा घोळ झाला.

लिफ्टवाले लोक मजले कसे मोजतात, माहीत आहे? तळमजला म्हणजे शून्य. तो धरत नाहीत. वर गच्ची, तिथे यंत्राची खोली असते, तीही मजल्यांत धरत नाहीत. मजले म्हणजे फक्त मधले. मिस्त्रीच्या हाडीमाशी ही मोजणी भिनलेली. पहिल्या खेपेलाच त्याने पेन्सिल घेतली आणि शनिवारच्या चौकटीत ‘त’ लिहिलं, शुक्रवारच्या चौकटीत ‘ग’. तळमजला आणि गच्ची. मधल्या पाच दिवसांना एक ते पाच आकडे.

‘येण्याचा दिवस विमानाने खाल्ला, जाण्याचा दिवस रडण्यात जाणार,’ तो म्हणाला, ‘आपले काय ते मधले पाच.’

ती हसली. तिला ते फार आवडलं. तेव्हापासून त्यांचं बोलणंच तसं झालं. फोनवरसुद्धा विचारायचा, ‘कवळीवाले, किती मजले झाले गं?’ आणि ही सांगायची, दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. थट्टेत सुरू झालेली मोजणी हळूहळू खरी मोजणी झाली. नियमाचे साठ दिवस त्यांनी याच पट्टीने मोजायला सुरुवात केली आणि आपण काही चूक करतोय हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. प्रेमात माणसाला आपलं गणित बरोबरच वाटतं.

मला मात्र माहीत होतं. माझ्या अंगावर येण्याचा शिक्का होता, जाण्याचा शिक्का होता, दोन्हींवर तारीख. सरकार पाय टेकला तो दिवस धरतं आणि पाय उचलला तोही. म्हणजे खेपेला पाच नव्हे, सात. मी चहाच्या डब्यामागे बसून ओरडत होतो म्हणा ना. पण आमच्यासारख्यांचा आवाज तो किती! तिने मला खाली काढावं, दोन शिक्क्यांवर बोट ठेवावं आणि एकदा, फक्त एकदा, सरळ मोजावं, एवढंच मला हवं होतं.

सातव्या खेपेला मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं. तो आधी हसण्यावारी नेत होता, जड मोटर उचलली म्हणून असेल म्हणाला. तिने हट्ट धरून त्याला रुग्णालयात नेलं. ते रुग्णालय त्याच्या ओळखीचं, तिथल्या लिफ्ट त्याच्याच कंपनीकडे. डॉक्टरांनी सांगितलं, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलीय, फुग्यासारखी. फुटली तर काही करता येणार नाही. ऑपरेशन करावं लागेल, जोखमीचं आहे, पण न करणं त्याहून जोखमीचं. तारीख मिळाली चार महिन्यांनंतरची. तोवर जड काही उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत.

त्या संध्याकाळी दोघं ओट्याशी बसली आणि कॅलेंडर खाली उतरवलं. माझ्या समोरच. आठवी खेप, नववी खेप, आणि मग ऑपरेशनची दहावी. नऊ पंचे पंचेचाळीस. साठातून पंचेचाळीस गेले, राहिले पंधरा. पंधरा दिवस म्हणजे बक्कळ, मिस्त्री म्हणाला. चार दिवस रुग्णालयात, मग घरी आणून अंघोळ घालायची, मऊ भात भरवायचा, पोट शिवलेल्या माणसाला धरून धरून चालवायचं. कोणत्या दिवशी काय, ते सगळं तिने कागदावर लिहून काढलं. आठव्या दिवशी ‘दारापर्यंत’ असं लिहिलं होतं. बाराव्या दिवशी ‘खालच्या बाकापर्यंत’.

नवव्या खेपेच्या आधी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती, हे मी सांगायलाच हवं. तिने फोनवर त्याला विचारलं, ही खेप गाळू का, दिवस हाताशी राहतील. तो म्हणाला, ‘अगं पंधरा आहेत की. तू ये. मला भीती वाटतेय.’

मिस्त्री असं कधी बोलायचा नाही. ती गेली. त्या खेपेला तो बारीक झालेला होता. दोघं फारसं कुठे गेली नाहीत, खिडकीशी बसायची. शुक्रवारी निघताना काउंटरवरचा अधिकारी शेजारच्याशी गप्पा मारत होता, त्याने न बघताच माझ्यावर शिक्का हाणला. तो दिवस त्रेसष्टावा होता. त्याने तिथेच पकडलं असतं तर बरं झालं असतं का? मी यावर पुष्कळ विचार केलाय. निदान महिनाभर हातात असता, अर्ज करता आला असता, कुणाच्या तरी पाया पडता आलं असतं.

मग ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी निघाली. सोमवार होता. ताईने या खेपेला तिरकस काही म्हटलं नाही, डब्यात पोळ्या दिल्या आणि आप्पांच्या पायाशी वाकायला लावलं. आप्पांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

दुपारी तीनला आम्ही उतरलो. काउंटरवर एक तरुण बाई बसली होती, चष्मा, केस घट्ट बांधलेले, टेबलावर पाण्याची बाटली. तिने मला उघडलं आणि पान उलटायला लागली. मला तिचं बोट अजून आठवतं, स्वच्छ, नख बारीक कापलेलं. ते बोट एका शिक्क्यावर थांबायचं, मग दुसऱ्यावर, आणि ओठ हलायचे. नववं पान, दहावं, अकरावं. मी पानं एकमेकांना चिकटवून धरायचा प्रयत्न केला. तिने बोटाला पाणी लावलं आणि ती सोडवली. वाईट नव्हती हो ती. तिने तीनदा मोजलं. एक शिक्का पुसट होता, त्यावर भिंग धरून पाहिलं, की कुठे आठाचा तीन झालाय का, आणि या बाईचे काही दिवस वाचतात का. नाही वाचले.

तिने सांगितलं, तुमचे साठ दिवस मागच्याच खेपेत संपले, तीन वर झालेत. हिला आधी कळेचना. हिने पर्समधून कागद काढला, पंचेचाळीसचा हिशोब लिहिलेला, आणि समोर ठेवला. मग चष्म्याच्या बाईने शांतपणे येण्याजाण्याच्या तारखा दाखवल्या.

‘पण ते दिवस आम्ही धरत नाही,’ ही म्हणाली.

हिने हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की चष्म्याची बाई क्षणभर तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने विचारलं, ज्याच्याकडे जाताय तो तुमचा कोण लागतो. नवरा नाही, भाऊ नाही, बाप नाही. जे होतं त्याला त्यांच्या यादीत रकाना नव्हता. वरच्या साहेबाला बोलावलं, त्याने रुग्णालयाचं पत्र वाचलं, मान हलवली, आणि माझ्या चौदाव्या पानावर आडवा शिक्का मारला. प्रवेश नाकारला. एक वर्ष बंदी. संध्याकाळच्या विमानाने परत. शाई ओली होती, पलीकडच्या पानावरही उमटली. दोन्ही पानं वाया गेली.

आम्हाला एका खोलीत बसवलं. निळ्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, दाराशी एक शिपाई. मी प्लॅस्टिकच्या पाकिटात टेबलावर. तिथून रुग्णालय चाळीस मिनिटांवर होतं. तिने आचाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं आणि बजावलं, त्याला कळता कामा नये. डॉक्टरांनी म्हटलंय, मन शांत हवं. मग तिने डोळे पुसले, घसा खाकरला, आणि मिस्त्रीला फोन लावला.

‘पोचलीस?’

‘पोचले.’

‘मग ये ना वर.’

‘सोडत नाहीत. भेटायची वेळ संपली म्हणतात. खाली बसलेय.’

‘खाली कुठे?’

‘लिफ्टसमोर. बाकावर.’

त्याने विचारलं, ‘डावी नीट चालतेय का गं? तिसऱ्याला धक्का द्यायची.’

‘नाही देत. आत्ताच गेली वर. छान चालतेय.’

‘हो का,’ तो म्हणाला. मग म्हणाला, ‘बरं झालं. आता तू काही खाऊन घे. उपाशी बसू नकोस.’

एवढंच बोलणं झालं. ती फोन मांडीवर ठेवून बसली. दाराजवळच्या शिपायाने तिला पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही. सहाला विमानात बसवलं आणि मला विमानातल्या कर्मचाऱ्याकडे सोपवलं, तिच्या हातात दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यापासून लांब, दुसऱ्याच्या खिशात होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तिच्यासमोर जायची लाजच वाटत होती. माझ्याच अंगावरून तिला पकडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. साडेपाच तास चाललं. आचारी कॅंटीन सोडून तिथे बसला होता आणि तासातासाला कळवत होता. मिस्त्री शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या घशात नळी होती. नळी काढल्यावर त्याने पहिलं तिचं विचारलं. आचारी म्हणाला, आत्ताच खाली चहाला गेलीय. बुधवारी विचारलं, तेव्हाही चहाला गेलीय. गुरुवारी सकाळी विचारलंच नाही. गुरुवारी दुपारी शिवण आतून सुटली आणि रक्त थांबेना. तीन वाजता फोन आला. ती लॅबमध्ये होती, समोर मेणावर अर्धा बसवलेला खालचा जबडा. फोन ठेवल्यावर तिने उरलेले दात बसवले. पूर्ण केली ती कवळी. मग उठली.

मिस्त्रीचा भाऊ तिकडे गेला आणि त्याने सगळं तिथेच उरकलं. हिला जाता आलं नाही. बंदी.

महिन्याभराने आचाऱ्याचा फोन आला. त्याच्या मनात एक गोष्ट सलत होती. सांगू की नको करत होता, मग सांगून टाकली. त्या रुग्णालयातली डावी लिफ्ट तेव्हा बंद होती. मिस्त्रीनेच दाखल व्हायच्या चार दिवस आधी तिची वीज काढून दारावर पाटी लावली होती, आणि ती पुढे दोन महिने तशीच राहिली. म्हणजे फोनवर त्याने मुद्दामच विचारलं होतं. म्हणजे ती खाली बसलेली नाही हे त्याला तेव्हाच कळलं होतं, आणि त्याने तिला कळू दिलं नाही. आचारी चहाची थाप मारत होता तेव्हाही तो ‘हो का’ एवढंच म्हणायचा.

ती ऐकून भिंतीला टेकून खाली बसली. ताई धावत आली. त्याला एकटं वाटू नये म्हणून ती खोटं बोलली होती, आणि त्याने ते खोटं एकट्याने शेवटपर्यंत सांभाळलं. हे दुःख कुठे ठेवायचं असतं, मला माहीत नाही. छापखान्यात असलं काही शिकवत नाहीत.

त्यानंतर मी कपाटाच्या खणात, चादरींच्या खाली. वर्ष गेलं. ती कामाला जाते, येते, आप्पांना भरवते. आप्पांना मिस्त्री गेल्याचं दोनदा सांगितलं, दोनदा ते विसरले. तिसऱ्यांदा सांगायचं तिने सोडून दिलं. ते विचारतात, ‘शनिवारी जायचंय ना तुला?’ ती म्हणते, ‘या शनिवारी नाही, आप्पा.’ लॅबमधल्या मुली सांगतात, आताशा ही मास्क जेवायच्या वेळीसुद्धा लवकर काढत नाही.

मागच्या महिन्यात बंदी उठली. मिस्त्रीची हत्यारांची पेटी अजून आचाऱ्याकडे आहे. भावाने नेली नाही, जड म्हणून. ती आणायला जायचं तिने ठरवलंय. ताई म्हणाली, कुरियरने मागव. ही म्हणाली, नाही, जाऊन आणते. पण माझी मुदत संपत आलेली, अशा पासपोर्टावर कुणी व्हिसा देत नाही. म्हणून आज तिने मला बाहेर काढलं, हाताने पुसलं आणि नवा पासपोर्ट करायला या कचेरीत घेऊन आली.

आत्ता मी इथेच आहे, काचेच्या खिडकीशी, लाकडी टेबलावर. माझ्यावर रद्दचा शिक्का बसेल आणि मग मी नुसतं पुस्तक. त्याचं मला काही वाटत नाही. दहा वर्षं होत आली, माझं काम संपलं. तिने अर्ज भरून दिला. त्यात एक प्रश्न असतो, याआधी एखाद्या देशाने प्रवेश नाकारला आहे का, असल्यास कारण एका ओळीत लिहा. ओळ चार बोटं लांब. तिने बराच वेळ पेन धरलं होतं आणि मग लिहिलं, ‘दिवस मोजण्यात चुकलो.’

कारकून पोक्त माणूस आहे, चांगला आहे. अर्ज वाचत आला आणि त्या ओळीशी थांबला.

‘ताई, हे “चुकलो” लिहिलंय तुम्ही,’ तो म्हणाला. ‘बाईमाणसाने “चुकले” लिहायचं ना? वरचे साहेब परत पाठवतील, पुरुषाचा अर्ज आहे की काय म्हणून.’

त्याला काय माहीत? तो समजला, घाईत चुकीचं लिंग लिहिलं. तिने चुकीचं काही लिहिलं नव्हतं. तिने आम्ही चुकलो असं लिहिलं होतं. आम्ही दोघं.

तिने अर्ज आपल्याकडे ओढला. मागे रांग आहे, कुणीतरी खोकतंय. मी टेबलावर पडल्या पडल्या तिला विनवतोय, राहू दे गं तसंच, येईल परत तर येईल अर्ज, तुला कसली घाई आहे. पण माझा आवाज तिला कधी ऐकू गेलाय? तिने पेनाचं टोपण काढलंय. फार खोडावं लागत नाही त्याला. ‘लो’चा एक काना तेवढा काढायचा, की ‘ले’ होतं. तिने त्या उभ्या रेघेवर आडवी रेघ मारली, बाजूला बारीक सही केली, आणि कागद काचेखालून आत सरकवला.